आबांचा दगड आणि बेन्नूची धूळ

मी जळगावच्या एका कॉलेजात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवते. शिकवते असं आपलं म्हणायचं. नवऱ्याच्या मते मी बोलते आणि समोर पोरं बसलेली असतात. नवरा स्वतः फार कमी बोलतो, त्यामुळे तो जे काही बोलतो ते मला पुष्कळ दिवस टोचत राहतं.

बेन्नूची बातमी आली तेव्हा तर माझ्या तोंडाला धरबंधच राहिला नाही. बेन्नू म्हणजे सूर्याभोवती फिरणारा एक लघुग्रह. काळाकुट्ट, कार्बनने भरलेला, आपली पृथ्वी घडायच्याही आधीचा माल. माणसांनी तिथे यान पाठवलं, त्या यानाने मूठ-दोन मूठ माती उचलली, डबीत बंद केली आणि ती डबी पृथ्वीवरच्या एका वाळवंटात आणून टाकली. पुढे प्रयोगशाळांत ती माती तपासली, तर त्यात काय काय निघावं! अमिनो आम्लं निघाली, ज्यांची माळ ओवली की प्रथिनं होतात. आईबापांकडून पोरांकडे जो वारसा जातो तो ज्या पाच अक्षरांत लिहिला-वाचला जातो, ती पाचही अक्षरं निघाली. अमोनिया निघाला. पातेल्यातलं खारं पाणी आटल्यावर तळाशी राहतात तसे क्षार निघाले, म्हणजे त्या दगडाच्या बापजाद्यांच्या पोटात कधीकाळी पाणी होतं. जीव नव्हता हो, पण जिवाचा सगळा किराणा भरून ठेवलेला होता.

हे वाचून मला असा काही आनंद झाला की जणू ती डबी मीच उघडली. वास्तविक घरातल्या लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा मला उघडत नाही, नवऱ्याला हाक मारावी लागते. पण मी जिथे जाईन तिथे बेन्नू सुरू केला. नशिराबादच्या विहारात चुलत भावाच्या मुलीचं लग्न होतं. तिथे जेवताना मी नवऱ्यामुलाच्या काकांना अमिनो आम्लं इतकी समजावून सांगितली की त्यांनी वरण वाढून घ्यायचं बंद केलं. बिचाऱ्यांना वाटलं, वरणातच काहीतरी आहे.

मग कॉलेजने माझं व्याख्यान ठेवलं. ठेवलं म्हणजे मीच ठेवायला लावलं. त्यात माझा सगळ्यात आवडता भाग होता शुद्धतेचा. मी तावातावाने सांगितलं, की बेन्नूची माती साध्या हवेत उघडली नाही, नायट्रोजन भरलेल्या पेटीत उघडली. कारण आपलं जग अमिनो आम्लांनी बरबटलेलं आहे. घाम, थुंकी, धूळ, पोळीचा चुरा, सगळीकडे तीच. आपल्या बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी दगड खोटं बोलायला लागतो. म्हणून नमुना हातात घेण्याआधी त्याचा इतिहास विचारायचा. कुठे होता, कोणी उचलला, कशात ठेवला, काय लागलं. हे मी टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं, हे कृपया लक्षात ठेवा.

त्यानंतर चपलांचा प्रयोग केला. अमिनो आम्लं चपलेसारखी असतात, एक डावी, एक उजवी. दिसायला सारखी, पण डाव्या पायाची उजव्या पायात जात नाही. पृथ्वीवरचे जीव आपल्या प्रथिनांत फक्त डावीच वापरतात. बेन्नूच्या मातीत मात्र डावी आणि उजवी जवळजवळ सारखी निघाली. म्हणजे ती कोणा जिवाच्या हातची नव्हेत, तिकडचीच. पहिल्या रांगेतल्या पोरांच्या चपला घेऊन मी हे दाखवलं. व्याख्यान संपल्यावर दोघांना त्यांच्या चपला सापडल्या नाहीत, पण विज्ञानासाठी एवढं चालायचंच.

त्या व्याख्यानाला आबा आले होते. आबा म्हणजे माझे वडील. नशिराबादला राहतात, प्राथमिक शाळेतून गुरुजी म्हणून निवृत्त झाले त्याला आता खूप वर्षं झाली. आमच्या घरात देव्हारा नाही, नवस नाही, ताईत नाही. तपासल्याशिवाय मानायचं नाही, हे आबांचं वाक्य मी बाराखडीच्या आधी शिकले. मीठ खारट असतं असं म्हटलं तरी ते विचारायचे, चाटून बघितलंस का? मी चाटून बघायचे. रसायनशास्त्रात मी पडले ती अशी चाटत चाटत.

पण या आबांच्याच आयुष्यात एक गोष्ट न तपासलेली राहून गेली होती. तरुणपणी, नवीनच नोकरी लागली होती तेव्हा, दिवेलागणीच्या वेळी ते असोद्याहून शेतवाटेने नशिराबादला पायी येत होते. त्यांना आभाळातून मोठा उजेड जाताना दिसला. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवरच्या बांधावरून त्यांनी एक काळा, जड, मुठीत न मावणारा दगड उचलून आणला. गाव हसलं. गुरुजी तारे तोडतात, हे म्हणायला गावाला आयतंच निमित्त मिळालं. पुढे कित्येक वर्षं पोरंसोरंसुद्धा विचारायची, गुरुजी, आज काही पडलं का वरून? धुळ्याला माझे मामा आहेत, मायचे धाकटे भाऊ. त्यांनी तर ही थट्टा घरची परंपरा करून टाकली. कुठल्याही कार्यात जेवण झालं की मामा आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, दाजी, डोकं सांभाळा. सगळे हसायचे, आबाही हसायचे. आबांचं ते हसणं मला लहानपणापासून बघवत नसे.

तर त्या व्याख्यानात, प्रश्न विचारायच्या वेळी आबा उभे राहिले. चारचौघांत ते मला प्राध्यापक बाईच म्हणतात.

"प्राध्यापक बाई," आबा म्हणाले, "माझ्याजवळ एक दगड आहे. लोकांनी तो न तपासताच खोटा ठरवला. मी जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि गावात थापाड्या म्हणून मलाच ओळखतात. तुम्ही तपासाल का? खरा निघाला तर खरा म्हणा, खोटा निघाला तर खोटा. पण मी असेपर्यंत सांगा."

मी म्हटलं, "तपासते, आबा." आणि मनातल्या मनात त्याच क्षणी मी निकाल लावून मोकळी झाले, की दगड खरा निघणार. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे तर नवरी मी होते.

दगड घेऊन माय स्वतः आली. माय धुळ्याकडची. नशिराबादला इतकी वर्षं संसार केला, पण तिच्या बोलण्यातलं 'शे' काही गेलं नाही. तिने स्टीलचा डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं. आत पांढऱ्याशुभ्र रुमालात दगड. काळाभोर आणि असा चकचकीत, की त्यात ट्यूबलाइट दिसत होती.

"देख, कसा शे," माय म्हणाली.

शंका यायला हवी होती की नाही? मला कौतुक वाटलं. मी विचार केला, दुसऱ्या कुणाच्या घरी आभाळातला दगड म्हणून असता तर एव्हाना त्याला शेंदूर फासला असता, दूध ओतलं असतं, हळद-कुंकू, नारळाचं पाणी, सगळं झालं असतं. आमचं घर पाषाण न पुजणारं. म्हणजे आमचा नमुना शुद्ध! काय तर्क होता! त्या तर्कावर मी इतकी खूश झाले की मायला चहाचंही विचारलं नाही, मग इतिहास कुठला विचारते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं, दगड चिमट्याने धरला. दगडाच्या वरचा थर खरवडून घेतला, ती भुकटी शुद्ध केलेल्या पाण्यात उकळली, गाळली आणि त्यात निनहायड्रिन घातलं. निनहायड्रिन म्हणजे अमिनो आम्ल दिसलं की जांभळं होणारं रसायन. पोलीस कागदावरचे बोटांचे ठसे याच्यानेच काढतात, कारण घामातल्या अमिनो आम्लांनीही ते जांभळं होतं. हे मी दरवर्षी शिकवते. दरवर्षी! शेजारच्या नळीत नुसतं पाणी आणि निनहायड्रिन घेऊन कोरी चाचणीही लावली, म्हणजे कोणी म्हणायला नको की पाण्यातच घाण होती. दोन्ही नळ्या गरम पाण्यात ठेवल्या आणि मी त्यांच्याकडे बघत बसले.

कोरी नळी कोरी राहिली. आबांची नळी आधी गुलाबीसर झाली, मग जांभळी, मग जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखी गडद. अगं बाई! मी प्रयोगशाळेत एकटीच ओरडले. मग खुर्चीवर बसून रडले. मग आबांना फोन लावला.

"नीट बघितलंस ना?" आबांनी विचारलं.

"आबा, मी रसायनशास्त्रातली डॉक्टर आहे," मी म्हटलं. ज्याने मला मीठ चाटायला शिकवलं त्या माणसाला मी हे सांगत होते.

आता खरं तर पुढची पायरी होती डावं-उजवं तपासण्याची. ते यंत्र आमच्याकडे नाही, नमुना मोठ्या संस्थेकडे पाठवायचा आणि वाट बघायची. वाट बघणं मला जमत असतं तर मी वेगळीच कोणीतरी झाले असते. धुळ्याला शिक्षकांच्या एका शिबिरात मला बेन्नूवर बोलायला बोलावलं होतं. मी आबा आणि मायला गाडीत घातलं, गाडी चालवायला नवऱ्याला बसवलं, मामांनाही मुद्दाम निरोप धाडला, आणि व्याख्यानाच्या शेवटी, आवाज जरा खाली आणून, जाहीर केलं. म्हटलं, प्राथमिक तपासणीत माझ्या वडिलांच्या दगडात अमिनो आम्लं आढळली आहेत. 'प्राथमिक' हा शब्द मी वापरला होता, बरं का. पण तो इतका हळू म्हटला की पहिल्या रांगेलाही गेला नसेल.

टाळ्या थांबेनात. मामा उठले. चांगले पिकल्या मिशांचे मामा, सगळ्यांसमोर आबांच्या खुर्चीपाशी गेले आणि वाकून त्यांचे गुडघे धरले.

"दाजी," मामा म्हणाले, "येडा तुम्ही नही, येडा आम्ही."

आबांनी मामांच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, माझ्या सगळ्या शिक्षणाचं आज चीज झालं. मंचावर मी अशी उभी होते की कोणी हार आणला असता तर मान आधीच पुढे झाली असती.

परत येताना पारोळ्याच्या पुढे एका धाब्यावर थांबलो. आबा थकले होते, ते गाडीतच डोळे मिटून पडले. नवरा, माय आणि मी टेबलाशी बसलो आणि भज्यांची प्लेट आली. मायने एक भजं मोडलं, चाखलं, तोंड वाकडं केलं.

"हाई कसानं बेसन?" माय म्हणाली. "तुन्हा बापना दगडले लावं व्हतं ते देख, बेसन ते व्हतं! घरनं दळेल."

मी भजं उचललं होतं, ते हातातच राहिलं. "कुठल्या दगडाला?"

"तोच ना! तुन्हा कालेजमा जाणार व्हता. तसाच मयकट धाडू का काय?"

आणि मग तिने सगळं सविस्तर सांगितलं, अगदी आनंदाने. मुलगी बघायला पाहुणे येणार असले की तोंडाला बेसन आणि दही लावून चोळतात ना, तसंच तिने दगडाला लावलं, चोळलं, जरा वाळू दिलं, पुन्हा लावलं, आणि कोमट पाण्याने धुतलं. घराण्याची अब्रू होती ती, लेकीच्या कॉलेजात जायची होती. आणि त्याआधी? त्याआधी तो दगड दर उन्हाळ्यात गच्चीवर होता. ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घातल्या की फडकं वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर जे चार दगड ठेवतात, त्यातला एक म्हणजे आमची उल्का. तिच्यावर ज्वारीचा चीक सांडलेला, लसूण आणि तीळ चिकटलेले, कैक वर्षांचे.

मी डोकं धरून बसले. जळगाव डाळींचं गाव, मी त्या गावातली प्राध्यापक, आणि मी ब्रह्मांडाचं रहस्य म्हणून शोधून काढलं काय, तर हरभऱ्याची डाळ. डाव्या चपलांचा ढीग नुसता! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण असं म्हणतात. माझ्या बाबतीत तर पाषाणही कोरडा राहिला नव्हता.

नवऱ्याने सावकाश चहा संपवला. मग गाडीकडे बघून तो म्हणाला, "आणि आबा?"

काचेतून आबांचं डोकं दिसत होतं. झोपेतही ते जरा हसल्यासारखे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी मी तो दगड आमच्या कॉलेजातल्या भूशास्त्राच्या सरांकडे नेला. त्यांनी हातात तोलला, चुंबक लावला, भिंगाने बघितला, आणि माझी परवानगी घेऊन हातोडीने एक टवका काढला. मग ते मला खिडकीशी घेऊन गेले आणि बाहेर बोट दाखवलं. कॉलेजच्या कुंपणाची दगडी भिंत होती.

"मॅडम, तोच," सर म्हणाले. "आपला काळा पाषाण. खान्देशात कुठेही खणा, हाच लागेल. आभाळातून आलेल्या दगडावर जळलेली पातळ साल असते, ती इथे नाही."

"नक्की?" मी विचारलं.

"आणि बेन्नूसारखा असता तर ठिसूळ असता. गच्चीवरच्या दोन-चार पावसाळ्यांत त्याचा चिखल झाला असता. हे तुम्हाला मी काय सांगायचं," ते म्हणाले, आणि हे ते मनापासून म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

मी आतला टवका घेऊन पुन्हा निनहायड्रिन लावलं. नळी कोरी राहिली. मी पुष्कळ वेळ बसले, की निदान गुलाबीसर तरी होईल. दगडापुढे इतका वेळ हात जोडून तर पूजा करणारेही बसत नसतील.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आबांचा रोज फोन. दगड कधी आणतेस? शाळेतली पोरं बघायला येणार आहेत. सरपंच येऊन गेले. मामांनी धुळ्याहून पेढे पाठवले. आणि मी म्हणायची, आणते आबा, जरा कागदपत्रं चालली आहेत. कसली कागदपत्रं! मायला मी खरं काय ते सांगितलं, तर ती म्हणाली, "सांगू नको व माय. इतला वरीसमा तो पहिल्यांदा असा हासना." बेसनाचं तिने पुन्हा नाव काढलं नाही.

मलाही वाटलं, राहू दे. कोणाचं काय जातं? काळा दगड काचेच्या कपाटात जाईल, पोरं बघतील, आबा सुखाने राहतील. पण 'खोटा निघाला तर खोटा म्हणा' हे त्यांनी मला भर सभेत सांगितलं होतं. सगळ्या गावाने ज्याला खोटं मानलं, त्याच्या जवळ बसून मी एकटीने खोटं बोलायचं, हे मला जमेना. खोटं बोलायचं तरी धड यायला हवं, तिथेही मी ढच.

रविवारी सकाळी मी डबा घेऊन नशिराबादला गेले. आबा ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. माय मला बघून आत निघून गेली, पण दाराआडच उभी राहिली असणार, कारण भांड्यांचा आवाज आला नाही. वाटेत मी एक वाक्य पाठ केलं होतं. प्राथमिक निष्कर्षांचा पुनर्विचार करता असं आढळून येतं की, वगैरे. आबांसमोर बसले आणि तोंडातून निघालं, "आबा, दगड खोटा आहे."

आबांनी हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे सुपात टाकले.

"आणि रंग आला तो?" त्यांनी विचारलं.

"बेसनाचा. मायने घासून दिला होता."

मला वाटलं आता ते चिडतील. ते दाराकडे बघून नुसतं "हं" म्हणाले. मग मास्तर जागा झाला. "कोरी चाचणी लावली होतीस?"

"लावली होती."

"मग चूक कुठे झाली?"

"नमुन्याचा इतिहास विचारला नाही," मी म्हटलं. शाळेत उत्तर चुकल्यावर पोरं जशी उभी राहतात तशी मी ओट्यावर बसले होते.

"कोणाला विचारायला हवा होता?"

"मायला."

"अजून?"

"तुम्हाला?"

"मला," आबा म्हणाले. "दगड वरून पडताना मी पाहिला, असं मी कधी म्हटलं तुला?"

मी आठवून बघितलं. गाव म्हणायचं, मामा म्हणायचे, मीही म्हणायचे. आबा कधीच म्हणाले नव्हते.

"मी उजेड पाहिला," आबा म्हणाले. "घरी येऊन सांगितलं तर सगळे हसले. म्हणून दुसऱ्या दिवशी त्या वाटेने गेलो. म्हटलं काहीतरी पडलं असेल. हा बांधावर दिसला, काळा होता, उचलला. असेल म्हटलं, नसेलही. उजेड काही घरी आणून दाखवता येत नाही ना. दगड दाखवता येतो. तर लोकांनी दगड बघितला, आणखी हसले, आणि उजेडाचं पुढचं कोणी ऐकलंच नाही."

"मग आबा, मला तरी सांगायचं ना!"

"तू विचारलंस कुठे? दगड बघितलास तेव्हापासून तुझं सगळं लक्ष दगडावरच."

इतक्या लोकांना मी इतकं ऐकवलं, वरण घेणाऱ्यांचं वरण थांबवलं, आणि स्वतःच्या बापाला एक प्रश्न विचारला नाही. मला माझी भयंकर लाज वाटली. दगडाचा डबा मी बाजूला सारला.

"आबा, काय पाहिलंत?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. आधी घसा साफ केला. इतकी वर्षं न बोललेलं बोलायचं म्हणजे कुठून सुरू करावं हे त्यांनाही कळत नव्हतं.

"दिवस बुडाला होता," आबा म्हणाले. "वाट पुरती दिसत नव्हती, म्हणून मी खाली बघूनच चालत होतो. तर एकाएकी माझ्या पुढ्यात माझी सावली पडली. काळी, ठळक, दुपारी पडते तशी. मी म्हटलं, सावली कशी? मागे बघायच्या आतच ती सरकायला लागली. मी उभाच, आणि सावली माझ्या पायांभोवती फिरतेय. बांधावरच्या बाभळीचीही फिरली, सगळ्या तुराट्यांच्या फिरल्या, सगळ्या एकाच दिशेने. मग मी वर बघितलं, तर हिरवट पांढरा गोळा अर्ध्या आभाळापलीकडे गेलेला. आवाज नाही, काही नाही. विझला. आणि नंतर इतका अंधार झाला की मला माझाच हात दिसेना. मी खाली बसलो. भीती वाटली असं नाही. पण उठवेना."

आबांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

मी रसायनशास्त्राची, आभाळाचं मला काय कळतं. पण थाप मारणारा माणूस गोळ्याचं वर्णन करतो, आवाजाचं करतो, खड्डा सांगतो, धूर सांगतो. उभ्या माणसाची सावली त्याच्या पायांभोवती फिरली, हे कोणाला बसल्या बसल्या सुचत नाही. ते पाहावंच लागतं. आणि हे त्यांनी इतकी वर्षं जवळ ठेवलं होतं, कारण आम्ही सगळे दगडावरच अडून बसलो होतो, मी सगळ्यांच्या पुढे.

"धुळ्याला मी जाऊन सांगते," मी म्हटलं. "जिथे खरा म्हटला, तिथेच तो दगड खोटा म्हणते. मामांसमोर. बेसनासकट. आणि मग त्यांना सावलीचं सांगते."

"हसतील," आबा म्हणाले.

"मला हसू देत. तुम्ही पाहिलंत, आबा. मी मानते."

आबांनी माझ्याकडे बघितलं, वर्गात बघायचे तसं, चष्म्याच्या वरून.

"न तपासता?"

"न तपासता."

"मग कसली गं तू प्राध्यापक," आबा म्हणाले, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं.